मधली लाल गोटी

१

थंड कपाटाच्या मधल्या कप्प्यात बाटलीच्या बुडाएवढा एक गोल डाग उरला होता. बाटली नव्हती. आत्या चष्मा कपाळावर चढवून त्या डागाकडे बघत उभी होती आणि तिच्या पाठीमागे लॅबच्या मॅडम बोटं मोडत उभ्या होत्या.

“जेवण झाल्यावर मी स्वतः ठेवली,” मॅडम म्हणाल्या. “स्वतः कुलूप लावलं, किल्ली पुढच्या टेबलामागच्या खुंटीला अडकवली. चहाच्या वेळी उघडलं तर हे असं.”

“कुलूप तुटलं होतं?”

“छे. लावलेलंच होतं. किल्लीसुद्धा खुंटीवर होती.”

“म्हणजे चोर घरचाच,” आत्या म्हणाली. “बाहेरचा चोर इतका नीटनेटका नसतो.”

बाटली दिसायला साधीच. तपकिरी काच, बुचावर लाल लाखेचं सील, आत खोकल्याचं औषध. पण ते औषध पिऊन गावातल्या इस्पितळात लहान मुलं एकामागून एक दाखल झाली होती. त्यांची लघवी बंद झाली होती, अंगावर सूज चढत होती. औषधात नेमकं काय मिसळलंय हे कळल्याशिवाय डॉक्टरांना पुढचा इलाज धड ठरवता येत नव्हता. बोभाटा झाल्याबरोबर दुकानांतला सगळा माल कंपनीने उचलून नेला होता. सील न फुटलेली अशी एवढी एकच बाटली इस्पितळाच्या हाती लागली होती. संध्याकाळी पोलीस अधिकाऱ्यासमोर सील फोडायचं आणि लगेच तपासायचं, असं ठरलं होतं. दोन डॉक्टर दुपारपासून मॅडमच्या काचेच्या खोलीत ठाण मांडून बसले होते. मॅडम बाटली ठेवून आल्या त्या थेट त्यांच्यासमोरच बसल्या होत्या, त्यामुळे त्या तिघांचा प्रश्नच नव्हता.

“बाकी लॅबमध्ये कोण होतं?”

“तिघं. आमचे सर, म्हणजे मुख्य रसायनतज्ज्ञ. गाडीवरचे काका. आणि...” मॅडम अडखळल्या. “तुम्ही तिच्या आत्या, तिने बोलावलं म्हणून आलात, तुम्हाला राग येईल. पण सगळं तुमच्या भाचीकडेच बोट दाखवतंय. अधिकारी येईपर्यंत मी थांबले आहे. ते आले की मला तिचं नाव सांगावं लागेल.”

आत्याने खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरच्या इमारतीवर ऊन अजून होतं, पण ते वरच्या मजल्यावर चढलं होतं.

२

आत्याचा जन्म विमा कंपनीत दावे तपासण्यात गेला होता. जळालेली गोदामं, बुडालेल्या होड्या, मेलेली आणि न मेलेली माणसं असं सगळं तिने पाहिलं होतं. त्यातून तिचं एक मत बनलं होतं. लहानशी लाज लपवायची असली की माणूस घाईघाईने खोटं बोलतो, आणि मोठं पाप लपवायचं असलं की सावकाश आणि गोड बोलतो. हे मत ती कुणालाही न विचारता सांगत असे, त्यामुळे नातेवाईक तिला जरा टरकूनच असत.

भाचीला, म्हणजे पुढच्या टेबलावर काम करणाऱ्या बबडीला, सामानाच्या खोलीत बसवलं होतं. भिंतभर फळ्या, फळ्यांवर तपासून झालेल्या जुन्या नमुन्यांच्या तपकिरी बाटल्या. बुचांत धूळ जाऊ नये म्हणून प्रत्येकीच्या डोक्यावर दोऱ्याने बांधलेली कागदी टोपी. बऱ्याच टोप्या पिवळ्या पडल्या होत्या, एखादीच पांढरी होती. त्या बाटल्यांच्या पलटणीखाली एका स्टुलावर बबडी नाक लाल करून बसली होती.

आत्याने दार लावून घेतलं. “आधी सांग, तू काय खोटं बोललीस?”

“तुला कसं कळलं?”

“नख कुरतडते आहेस. साखरेच्या डब्याच्या वेळेपासून बघते आहे मी.”

बबडीने हात मांडीखाली घातला. “मी मॅडमना म्हटलं, दुपारभर टेबलावरच होते. नव्हते. आणि गाडीवाल्या काकांनी रिकामी खुर्ची पाहिली.”

“मग कुठे होतीस?”

“चहाच्या खोलीत. गोट्या खेळत होते.”

आत्याने चष्मा नाकावर ओढला. बबडी चोवीस वर्षांची घोडी होती.

“कॉम्प्युटरवरच्या गं,” बबडी म्हणाली. “इथे सगळे त्याला गोट्याच म्हणतात. खरं म्हणजे ते अणू असतात. काळ्या गोट्या कार्बनच्या, लाल ऑक्सिजनच्या, पांढऱ्या हायड्रोजनच्या. वर रेणूचं नाव येतं, खाली कोपऱ्यात छोटं चित्र असतं. चित्रात आहे तश्शा गोट्या लावायच्या. पण गोटी ढकलली की मधे थांबतच नाही. भिंतीला नाहीतर दुसऱ्या गोटीला आपटेल तेव्हाच थांबते. आणि मिनिटभर हात थांबला तर सगळ्या गोट्या आपोआप पहिल्या जागी पळतात. मग पुन्हा पहिल्यापासून.”

“आणि तुला हे जमतं? दहावीला रसायनात तुझे किती आले होते ते दादा अजून चारचौघांत सांगतो.”

“सरांनी शिकवलं. इथे लागले तेव्हा शेजारी बसून पहिले काही रेणू लावून घेतले माझ्याकडून. मग त्यांना वेळ मिळेना, मी आपली खेळत राहिले.” बबडीचा आवाज जरा सरळ झाला. “आत्या, आज मी तीन नवे लावले. तिथपर्यंत इथलं कुणीच गेलं नव्हतं. शेवटचा अल्कोहोल. त्यातली ती मधली लाल गोटी इतकी छळते म्हणून सांगू. दोन काळ्यांच्या बरोबर मधोमध बसवायची, तर ती मेली घसरून पार पलीकडे जाते.”

“मग हेच का नाही सांगितलंस मॅडमना?”

“त्यांनी मागे एकदा बजावलं होतं. पुन्हा टेबल सोडलंस तर घरचा रस्ता धर म्हणाल्या. म्हणून पहिल्यांदा तोंडातून तसं गेलं. मग काकांनी खुर्चीचं सांगितल्यावर मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर मधल्या वेळात सर बोलून मोकळे झाले होते.”

“काय बोलून?”

बबडी पुन्हा नख कुरतडू लागली. “की दुपारभर चहाच्या खोलीत ते एकटेच गोट्या खेळत होते.”

३

सर आपल्या खोलीत तराजू पुसत बसले होते. केस पांढरे, कोट पांढरा, बोलणं लोण्यासारखं. त्यांनी उठून आत्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, पंख्याचा वारा लागतो का विचारलं.

“मुलगी चांगली आहे हो,” ते म्हणाले. “माझा जीव आहे तिच्यावर. पण गरज आणि मोह कुणाला सुटलेत? तुम्ही तिला समजावा. बाटलीचं काय केलं ते आपण होऊन सांगितलं, तर मॅडम सांभाळून घेतील.”

“ती म्हणते, गोट्या ती खेळत होती.”

सरांनी खेदाने मान हलवली. “घाबरलेलं माणूस मिळेल त्या काडीला धरतं. त्या खेळाची यादी पडद्यावरच आहे. एक रेणू जेवणानंतर झालाय, एक मधे, एक चहाच्या तोंडावर. खेळ सोडून उठलं की सगळं पुसलं जातं, त्यामुळे जो खेळत होता तो कपाटाकडे गेलेला असूच शकत नाही. एवढं तिलाही कळतं. म्हणून ती जागा तिला हवी आहे.”

“आणि तुम्हाला?”

“मी तिथे होतोच,” सर हसले. “चाळीस वर्षं खऱ्या रेणूंशी मारामारी केल्यावर दुपारी जरा खोट्यांशी खेळावंसं वाटतं. प्रोपेन, ॲसिटिलीन आणि अल्कोहोल.”

“शेवटचा अवघड होता म्हणे.”

“अल्कोहोल? छे हो. दोन कार्बन शेजारी शेजारी, टोकाला ऑक्सिजन, ऑक्सिजनच्या शेपटीला एक हायड्रोजन, उरलेले पाच कार्बनच्या भोवती. डोळे मिटून लावला.”

आत्याने पाण्याचा घोट घेतला. सरांनी टेबलावर तीन बोटांनी तो रेणू लावूनही दाखवला होता. इतकं सविस्तर खोटं बोलणारी माणसं तिने पाहिली होती, पण ती बहुतेक विम्याचे दलाल असत.

“त्या औषधात खरंच काही असेल असं वाटतं तुम्हाला?”

“कंपनी नावाजलेली आहे,” सर म्हणाले आणि तराजू पुन्हा पुसू लागले. “त्यांच्या मालात खोट निघेल असं कुणाच्या मनातसुद्धा येणार नाही.”

आत्या उठली. दाराशी गेल्यावर तिच्या लक्षात आलं की तराजू स्वच्छच होता.

४

गाडीवाले काका खाली नळ-पाइपांच्या दुकानासमोर गाडीला टेकून उभे होते. रागावलेले होते, कारण चहाच्या वेळेपासून त्यांना ज्याने त्याने तेच विचारलं होतं.

“वर गेलो, पार्सल न्यायचं होतं. टेबलावर कुणी नाही. खाली आलो. झालं. मग चाक पंक्चर निघालं, ते बदलत इथंच होतो. विचारा दुकानदाराला, मेला स्टुलावर बसून सूचना देत होता.”

दुकानदाराने आतूनच सांगितलं की काका वर गेले तसे आले, आणि चाक बदलायची त्यांची पद्धत साफ चुकीची आहे.

“फक्त खुर्ची रिकामी होती?” आत्याने विचारलं.

काकांनी जरा वेळ जोड्याने माती उकरली. “खुंटीपण रिकामी होती. किल्ली नव्हती. मी मॅडमना सांगितलं नाही अजून. पोरगी चांगली आहे हो, येताजाता काका काका करते. पण पोलिसाने विचारलं तर सांगावं लागेल मला.”

आत्याला जिना चढताना धाप लागली. पोरगी जागेवर नाही, किल्ली खुंटीवर नाही, आणि दोन्ही एकाच वेळी नाहीत. विमा कंपनीत तिने याहून कमी पुराव्यावर माणसांना दारातून परत पाठवलं होतं. बबडीचा बाप, दादा, गेली चार वर्षं अंथरुणाला होता आणि घर बबडीच्या पगारावर उभं होतं. चोरीचा ठपका बसला तर नोकरी जाईल ती जाईलच, पुढे कुणी दारात उभं करणार नाही. आणि तिकडे इस्पितळात कुणाची तरी पोरं सुजून पडली होती. आत्याला खरंच भीती वाटली.

मॅडम वरच्या पायरीवर तिची वाट बघत होत्या. “काही लागलं हाताला?”

“एक साधा प्रश्न विचारते, हसू नका. माझं रसायन शून्य आहे. अल्कोहोलमध्ये ती लाल... तो ऑक्सिजन कुठे असतो? दोन कार्बनच्या मधे की टोकाला?”

“टोकाला,” मॅडम म्हणाल्या. “हे शाळेतलं पोरही सांगेल. का?”

आत्याने कठडा धरला. बबडी म्हणाली होती मधे. सर म्हणाले होते टोकाला. अल्कोहोल लावणाऱ्याला तो कसा लागतो हे माहीत असणार, आणि चुकीचं सांगत होती ती तिचीच भाची.

“अधिकाऱ्याचा फोन आला होता,” मॅडम हळूच म्हणाल्या. “निघालेत ते.”

५

पण आत्याची एक खोड होती. गोदाम जळालं असं कुणी कितीही शपथेवर सांगितलं तरी ती राख स्वतः चिवडून बघायची. त्यापायी तिच्या साड्या नेहमी खराब होत आणि साहेबांची बोलणी खावी लागत.

“मला तो खेळ दाखवा,” ती म्हणाली.

चहाची खोली मागच्या बाजूला होती. खिडकीशी जुनाट कॉम्प्युटर, बाजूला कपांचे डाग पडलेलं टेबल. पडद्यावर यादी अजून तशीच होती. रेणूंची नावं एकाखाली एक, शेजारी बरोबरची खूण आणि लावल्याची वेळ. नावांपलीकडे काही नाही, चित्र नाही की गोटी नाही. शेवटचं नाव अल्कोहोल.

“यावर टिचकी मारली की तोच पुन्हा उघडतो,” मॅडम म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. “काही नाही हो, दोन मिनिटांत लावून दाखवते.”

गोट्या पटांगणभर विखुरल्या होत्या. मॅडमनी एक काळी ढकलली, दुसरी तिच्या शेजारी आणून ठोकली. लाल गोटीने दोनदा चकवलं, तिसऱ्यांदा ती टोकाला येऊन बसली. मग पांढऱ्या, एकेक. मॅडमचा हात चांगला होता. शेवटची पांढरी लाल गोटीच्या शेपटीला लागली आणि मॅडम मागे टेकल्या.

कॉम्प्युटरने भ्रूं असा नाराजीचा आवाज काढला.

“असं कसं?” मॅडमनी सगळं पुन्हा मोजलं. “दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. बरोबर तर आहे.”

“कोपऱ्यात चित्र आहे म्हणे,” आत्या म्हणाली.

“नाव वाचल्यावर चित्र कशाला बघायचं?” असं म्हणत मॅडमनी चित्राकडे पाहिलं, आणि त्या पुढे वाकल्या. “अहो, हे चुकलंय. खेळ बनवणाराच चुकलाय. वर नाव अल्कोहोलचं आणि खाली चित्र भलत्याचंच. हा ऑक्सिजन दोन कार्बनच्या मधे दाखवलाय. हे अल्कोहोल नव्हेच, हा ईथर झाला. गोट्या त्याच, तितक्याच, पण अशा लावल्या की पदार्थच वेगळा. ते द्रव, हा वायू.”

 आत्याने वाकून ते चित्र पाहिलं. दोन काळ्या गोट्या आणि त्यांच्या बरोबर मधोमध एक लाल. तिच्या पाठीवरचं ओझं कुणीतरी उचलून खाली ठेवल्यासारखं झालं.

“मॅडम, तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाला हा खेळ कधी सुटला असता?”

“मी आधी दहादा अल्कोहोलच लावलं असतं. मग चिडून चित्र पाहिलं असतं आणि बनवणाऱ्याला शिव्या घातल्या असत्या. जन्मात विसरले नसते.”

“आणि ज्याला यातलं काहीच कळत नाही त्याला?”

“त्याला काय, तो चित्र बघून...” मॅडम थांबल्या. त्यांची नजर यादीवरून दाराकडे गेली. पलीकडे सरांच्या खोलीतला दिवा लागला होता.

६

सरांना आणि बबडीला चहाच्या खोलीत बोलावलं, मॅडम दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. खाली गाडी थांबल्याचा आवाज आला आणि जिन्यावर बूट वाजू लागले. डॉक्टरांनी अधिकाऱ्याला काचेच्या खोलीत नेऊन बसवलं.

“सर, एक कृपा करा,” आत्या म्हणाली. “अल्कोहोल एकदा लावून दाखवा. डोळे मिटून नको, उघडे ठेवूनच.”

“त्याने काय सिद्ध होणार?”

“माझी हौस भागेल. म्हातारीची समजूत म्हणून लावा.”

सर बसले. त्यांनी बाह्या मागे सारल्या आणि लावायला घेतलं. दोन काळ्या शेजारी शेजारी. लाल टोकाला. पांढऱ्या भोवती. हात सफाईचा होता, एखाद्या बाईने वेणी घालावी तसा चालत होता. शेवटची पांढरी बसली आणि कॉम्प्युटरने भ्रूं केलं.

सरांनी एक पांढरी काढून पुन्हा बसवली. पुन्हा भ्रूं. मग त्यांची मान हळूहळू कोपऱ्याकडे वळली आणि त्यांनी ते चित्र पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं, हे खोलीतल्या सगळ्यांना दिसलं. त्यांचा हात होता तिथेच राहिला.

 पलीकडून अधिकाऱ्याने चहा नको म्हटल्याचं ऐकू आलं. मिनिट सरलं आणि पडद्यावरच्या सगळ्या गोट्या सुटून आपापल्या पहिल्या जागी पळाल्या.

“दुपारी तुम्ही या खुर्चीवर नव्हता,” आत्या म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. “असता तर हे चित्र तुम्हाला छळल्याशिवाय राहिलं नसतं. मला सांगताना सगळ्यात आधी तुम्ही खेळ बनवणाऱ्याचा उद्धार केला असता. तुम्ही मला पुस्तकातलं अल्कोहोल सांगितलंत, कारण तुम्ही फक्त यादीतलं नाव वाचलं होतं. बबडीने मला मधली लाल गोटी सांगितली, कारण तिने ती बसवली होती. तिला चूक कळली नाही, हाच तिचा पुरावा.”

“ती माझ्याआधी कधीतरी...”

“वेळ यादीत आहे, तुम्हीच सांगितलीत. जो खेळत होता तो कपाटाकडे गेला नाही, हेही तुमचंच म्हणणं. बबडी इथे आत आली, दार लावलं, टेबल सुटलं. तुम्ही किल्ली घेतलीत, काम केलंत, किल्ली जागेवर लावलीत. काका तेवढ्यात येऊन गेले. मग बबडी भीतीपोटी म्हणाली की टेबल सोडलंच नव्हतं. तिच्या खोटं बोलण्याने इथली खुर्ची मोकळी झाली आणि तुम्ही येऊन बसलात. फक्त एक मला कळत नाही. का?”

सर पडद्याकडे बघत होते. बबडी पुढे आली. ती रागावली असती तर आत्याला बरं वाटलं असतं, पण तिचे डोळे भरले होते.

“सर, तुम्हीच सांगितलं होतंत ना मला,” ती म्हणाली. “पहिल्या दिवशी, याच खुर्चीवर. मी म्हटलं, मला ही नावं वाचूनच धडकी भरते. तुम्ही म्हणालात, नाव वाचूच नकोस पोरी, चित्र बघ. नावावर जो जातो तो फसतो.”

सरांनी चष्मा काढला. तो कोटाच्या टोकाने पुसला.

“ती बॅच आपल्याकडेच आली होती,” ते शेवटी मॅडमना म्हणाले. “कारखान्यातून निघाली तेव्हा. टेबलावर नमुन्यांचा ढीग पडला होता. कंपनी नावाजलेली, कधी खोट निघाली नव्हती. मी लेबलावरचं नाव वाचलं आणि सही केली. बाटली उघडलीसुद्धा नाही.”

मॅडम दारापासून एक पाऊल पुढे आल्या.

“आज डॉक्टरांनी बॅचचा आकडा वाचला आणि माझ्या लक्षात आलं,” सर म्हणाले. “मुलं दिसली मला. पण त्याआधी माझी सही दिसली.”

“आणि मला पुढे केलंत,” बबडी म्हणाली.

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“बाटली ओतून टाकलीत?” आत्याने विचारलं. कारण बबडी सुटली होती, पण तिकडची पोरं सुटली नव्हती.

“नाही,” सर म्हणाले. “मोरीपर्यंत नेली. निकाल लागल्याशिवाय नमुना टाकायचा नाही, हे मी चाळीस वर्षं इथल्या सगळ्यांना शिकवलं. हात धजला नाही. वर दुसरं लेबल चिकटवलं, ग्लिसरीनचं, आणि बुचावर कागदी टोपी बांधली. सामानाच्या खोलीत आहे. ही बसली होती, तिच्या डोक्यावरच्याच फळीवर.”

बबडी धावत गेली. आत्याला पिवळ्या टोप्यांच्या रांगेतली ती एक पांढरी टोपी आठवली आणि तिने स्वतःलाच मनातल्या मनात दोन शब्द सुनावले. मघाशी ती त्याच टोपीखाली उभी राहून साखरेच्या डब्याच्या गोष्टी काढत होती.

बबडी बाटली दोन्ही हातांत धरून परतली. टोपी काढली तशी खालची लाल लाख दिसली, अखंड होती, तडासुद्धा गेला नव्हता. मॅडमनी ती उजेडात फिरवून पाहिली. सर उठले, कोट काढून खुर्चीच्या पाठीवर नीट घडी करून ठेवला आणि कुणी न सांगता काचेच्या खोलीकडे गेले.

अधिकाऱ्यासमोर सील फुटलं तेव्हा बाहेर दिवे लागले होते. दोन्ही डॉक्टर टेबलाला खेटून उभे होते. मॅडमनी हातमोजे चढवले, बाटली पुढे ओढली आणि सवयीने नोंदीसाठी तिच्यावरचं लेबल वाचायला वाकल्या.

बबडीने बाटलीवर हात ठेवला आणि लेबल झाकलं.

“ते नका वाचू मॅडम,” ती म्हणाली. “आत काय आहे ते बघा.”